फॉर्मेशन म्हळ्यार कितें गे?

डिसेंबरातली गोष्ट. बहिणीची मुलगी शाळा सुटली की आमच्याकडे असते, गोव्यात म्हापशात. नाव काहीही असो, घरात सगळे तिला बायच म्हणतात. वय साडेपाच, इयत्ता युकेजी. तर बाय त्या दिवशी चहात पाव बुडवून खात होती, पाव अर्धा कपातच राहिला, आणि तिने विचारलं, "मावशी, फॉर्मेशन म्हळ्यार कितें गे?"

आधी मला वाटलं टीव्हीवर काहीतरी ऐकलं असेल. मग कळलं की गॅदरिंगची प्रॅक्टिस चालू आहे आणि टीचर माइकवरून दर दोन मिनिटांनी "फॉर्मेशन! फॉर्मेशन!" असं ओरडतात. आणि बायने यावर स्वतःची एक थिअरी पण तयार केली होती, की फॉर्मेशन ही दुसऱ्या वर्गातली कुणीतरी मुलगी आहे, टीचर रोज तिला हाका मारतात पण ती काय येत नाही, आणि ती येत नाही म्हणून टीचर आमच्यावर रागावतात. खरं सांगायचं तर ही थिअरी इतकी फिट बसत होती की मोडायचं जिवावर आलं.

पण मावशीपण निभवायचं असतं ना. म्हटलं, अगं, फॉर्मेशन म्हणजे रचना.

"रचना आमच्याच वर्गात आहे," बाय म्हणाली. "ती रोज येते."

झालं. आता दोन मुली झाल्या, एक येणारी, एक न येणारी.

मग मी डोक्यातल्या डोक्यात बाकीचे शब्द चाळले. निर्मिती? हा शब्द बातम्या वाचणाऱ्या बाईच्या तोंडी शोभतो, स्वयंपाकघरात नाही. आकृतिबंध? देवा. घडण? हा त्यातल्या त्यात बरा, पण घडणं हे क्रियापद पण मोठं गमतीचं आहे, बघा. काल काय घडलं, असं आपण विचारतो आणि मडकं घडलं असंही म्हणतो, म्हणजे होणं आणि आकाराला येणं या दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द, आणि हे मला चाळिशीत एका पावाच्या तुकड्यासमोर बसून पहिल्यांदा लक्षात आलं. बायला याचं काही कौतुक नव्हतं. ती कपात बोट घालून पाव शोधत होती.

त्या शनिवारी आम्ही आईकडे निघालो, पेडण्याच्या बाजूला. शिवोलीहून चोपड्याचा पूल ओलांडायचा आणि मग आगरवाडो वगैरे करत पुढे. संध्याकाळची वेळ, खाली शापोरा नदी, ओहोटी लागलेली, आणि वरून बगळे परत चाललेले. चांगले वीसेक असतील. एक मोडकी तिरपी ओळ, मध्येच वाकायची, मग परत सरळ व्हायची. मी स्कूटर पुलाच्या अलीकडे बाजूला घेतली (पुलावर थांबू नये, मागून ट्रकवाला काय बोलेल ते मुलीला ऐकवण्यासारखं नसतं) आणि म्हटलं, ते बघ, ते फॉर्मेशन.

बायने मान वर करून बराच वेळ बघितलं. आणि मग विचारलं, "टीचर खंय?"

हा प्रश्न मला आजपर्यंत पुरलाय. खरंच, टीचर कुठे आहे? ओळ धरा, तू पुढे, तू मागे, असं त्यांना कोण सांगतं? मोठं उत्तर आहे, पण लहान करून सांगता येतं का हे मी त्या रात्री आईच्या ओट्यावर बसून मोबाइलवर बघत होते. १९८६ च्या सुमाराला क्रेग रेनॉल्ड्स नावाच्या अमेरिकन माणसाने कॉम्प्युटरवर खोटे पक्षी उडवून बघितले. थवा असा करा, तसा करा असं त्याने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. प्रत्येक पक्ष्याला फक्त तीन गोष्टी: शेजाऱ्याला धडकू नकोस, शेजारी जिकडे चाललाय साधारण तिकडेच जा, आणि फार लांब पडू नकोस. बस. पडद्यावर खऱ्यासारखा थवा फिरायला लागला. थवा कुणाच्याच डोक्यात नव्हता.

आणि ती इंग्रजी व्हीसारखी ओळ, तिचं पण. २०१४ मध्ये नेचरमध्ये एक अभ्यास आला, १४ टकले आयबिस पक्षी, म्हणजे आपल्या कुदळ्या पक्ष्याचे चुलतभाऊ म्हणा, ऑस्ट्रियातून इटलीकडे एका छोट्या विमानामागून उडवत नेले आणि प्रत्येकाच्या पाठीवर यंत्र बांधलं. कळलं असं की मागचा पक्षी पुढच्याच्या पंखाच्या टोकाजवळ जिथे हवा वर उचलली जाते नेमकी तिथे राहतो आणि पंखांची लय पण जुळवून घेतो, म्हणजे फुकटची हवा मिळते. या संशोधकाचं आडनाव पोर्तुगाल. स्टीव्हन पोर्तुगाल. मी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, साडेचारशे वर्षं आमच्यावर बसले आणि आता पक्ष्यांच्या मागे लागले. तो माणूस इंग्लंडचा आहे गं, म्हटलं, पण ती ऐकायच्या मूडमध्ये नव्हती.

तर दुसऱ्या दिवशी मी बायला मोठ्या ऐटीत नियम सांगितला. फॉर्मेशन म्हणजे काय, तर प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याकडे लक्ष ठेवायचं. बाजूच्यापासून एक हात अंतर. तो सरकला की आपण सरकायचं. सगळ्यांनी एवढं केलं की फॉर्मेशन आपसूक होते. तिला पटलं. अंगणात दोन चपला आणि आजीची केरसुणी उभी करून प्रॅक्टिस पण झाली.

गॅदरिंगला काय झालं ते सांगते. दुसऱ्या ओळीत बाय. तिच्या डावीकडचा मुलगा, त्याला प्रेक्षकांत आई दिसली, तो हळूहळू डाव्या बाजूला सरकायला लागला. बायने एक हात अंतर राखलं. तिच्या उजवीकडच्या मुलीने बायला बघून राखलं. तिच्या पलीकडच्याने तिला बघून. अशी ती पाच पोरांची ओळ, अंतर अगदी मोजून मापून एकसारखं, नाचत नाचत विंगेत गेली. ओळ मोडली नाही हो. फक्त स्टेजवर राहिली नाही. टीचरनी विंगेतून त्यांना परत बाहेर ढकललं आणि नंतर बहिणीला म्हणाल्या की तुमची मुलगी कॉन्सन्ट्रेट करत नाही. मी मागे उभी राहून बुटाकडे बघत होते.

आता इथे थोडा विचार करायला हरकत नाही. बायचा "टीचर खंय" आणि दिसेल त्या वस्तूबद्दलचा तिचा नेहमीचा "कोणें केलें" हे एकाच घरातले प्रश्न आहेत. या वयाच्या पोरांच्या जगात खरंच प्रत्येक वस्तू कुणीतरी केलेली असते. पोळी आईने केली, फ्रॉक शिंपीणकाकूने, टेबल सुताराने, चवथीचा गणपती चित्रशाळेत चिकणमातीचा केला, आणि त्याच्याही आधीची गोष्ट सांगायची तर पार्वतीने केला, अंगाच्या मळाचा. मग डोंगर कुणी केला हे विचारायचं नाही तर काय? ज्यां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी जिनिव्हाकडच्या पोरांना असंच विचारलं होतं, तिथली पोरं पण म्हणाली की सरोवर माणसांनी खणलं आणि त्यात पाणी घातलं. आमच्याकडे याचं उत्तर तयारच असतं. आई बायला सांगते, परशुरामाने बाण मारला, समुद्र मागे हटला, जमीन वर आली, तो आपला गोवा. बाण पडला ती बाणावली. बायला हे पूर्ण मान्य आहे. मला पण लहानपणी होतं आणि गोष्ट म्हणून अजूनही आहे. पण यात "केलं" आहे, "झालं" नाही. आणि मला आता हट्टाने तिला "झालं" दाखवायचं होतं. कुणी करत नाही आणि तरी होतं, असं काहीतरी.

ते मार्चमध्ये सापडलं, आणि सापडलं म्हणजे काय, इतकी वर्षं त्याच रस्त्याने जात होते. आगरवाड्याची मिठागरं. नावातच आगर आहे.

मिठागर ज्याने लांबूनच बघितलंय त्याला ते नुसते चिखलाचे चौकोन वाटतात. पावसात तिथे सगळं पाण्याखाली असतं. पाऊस गेला की बांध नीट करायचे, पाणी काढायचं, खालचा चिखल पायांनी तुडवून तुडवून असा घट्ट करायचा की मीठ ओढताना माती वर येऊ नये. मग भरतीचं पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून आत घ्यायचं आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात, तिथून तिसऱ्यात असं उन्हात फिरवत न्यायचं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. ते असं लगेच बाहेर येत नाही. दहा बादल्या पाणी असेल तर जवळजवळ नऊ बादल्या उडून जाव्या लागतात, तेव्हा कुठे उरलेल्या एका बादलीत पहिला दाणा दिसतो.

तिथे एक वयस्कर काका लांब दांडीला लावलेल्या लाकडी फळीने मीठ ओढत होते. बायने त्यांना विचारलं, मीठ तुम्ही केलं?

ते हसले. "आमी फकत उदक हाडटात," ते म्हणाले, "आनी वाट पळयतात."

म्हणजे आम्ही फक्त पाणी आणतो आणि वाट बघतो. एवढं बोलून परत कामाला लागले. मी मनात म्हटलं, अहो काका, हे वाक्य मी चार महिने शोधत होते. अर्थात ते खरं तर विनयाने बोलत होते, कारण वाट बघणं हे काय काम नाही असं ज्याला वाटतं त्याने एप्रिलच्या उन्हात तिथे एक तास उभं राहून दाखवावं. मिठागरं कमी कमी होत चाललीत ती काय उगाच नाही. १८७८ मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि त्याने इथल्या मिठाच्या धंद्याची मानगूट इंग्रजांच्या हातात गेली, ते एक जुनं दुखणं. आताची दुखणी वेगळी, माणसं मिळत नाहीत, जमिनीला भाव आलाय, पिशवीतलं आयोडीनवालं मीठ दुकानात सहज मिळतं. असो, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहायला लागले तर बाय राहील बाजूलाच.

मला तिथे आवडलं ते आणखी एक. मीठ "पिकतं" म्हणतात. बनतं नाही, तयार होतं नाही. पिकतं. आणि परतीच्या वाटेवर स्कूटरवर मला एकामागून एक क्रियापदं आठवायला लागली, की आपल्या भाषेत प्रत्येक होण्याला वेगळा शब्द आहे आणि आपण मात्र पोरांना "निर्मिती" शिकवायला बसतो. दही लागतं. साय धरते. लोखंडावर गंज चढतो. तळ्यावर शेवाळ धरतं. आभाळ भरून येतं. वाळू साचते. पीठ आंबतं. आंब्याला मोहोर येतो आणि मग कैरी धरते. भात आधी पोटरीत येतं आणि मग निसवतं, ते निसवतं म्हणताना माझ्या आईचा आवाज पण वेगळा होतो, जणू कुणाची सुटका झाली. यातल्या एकाही वाक्यात करणारा कुणी नाही. मी बायला शब्दाचा अर्थ सांगत बसले होते, तिला ही वाक्यं तर रोज कानावर पडत होती. विरजण लावलं की रात्री ती टोपात बोट घालून विचारते, लागलं? म्हणजे पोरीला सगळं कळत होतं हो, अडत होतं ते माझंच.

जाता जाता एक. माझा आतेभाऊ खाणी चालू होत्या तेव्हा डिचोलीला खाणीच्या ऑफिसात होता, २०१२ मध्ये सगळं बंद पडलं तोपर्यंत. त्याला हा बायचा किस्सा सांगितला तर म्हणाला, अगं फॉर्मेशन काय विचारतेस, आपल्या डिचोलीच्या नावाचंच एक आहे! आणि खरंच आहे. भूगर्भशास्त्रवाले खडकांच्या थरांच्या एकेका गटाला फॉर्मेशन म्हणतात आणि गोव्यातल्या थरांना बार्से, सावर्डे, डिचोली, वाघेरी अशी आपल्या गावांची, डोंगरांची नावं दिलीत. लोहखनिज सापडतं ते डिचोली फॉर्मेशनमध्ये. पाण्याच्या तळाशी थर साचले, दबले, दुमडले, त्याला अब्जावधी वर्षं झाली. दादा म्हणाला, आम्ही ते पन्नास-साठ वर्षांत उचलून बोटीत भरलं. मग आम्ही दोघंही जरा गप्प बसलो.

त्याच मार्चमध्ये शिगमो, म्हणजे आमच्याकडचा शिमगा, आला. आमच्याकडच्या मिरवणुकीत रोमटामेळ, चित्ररथ, ढोल-ताशे हे सगळं असतंच, पण बायला मी मुद्दाम गोफाजवळ नेऊन उभी केली. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते, वरती मधोमध एका जागी रंगीत दोऱ्या बांधलेल्या असतात, प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात एक टोक. गाणं सुरू झालं की निम्मे या बाजूने, निम्मे त्या बाजूने, एकाच्या आतून, दुसऱ्याच्या बाहेरून असे फिरत जातात. कुणीही वर बघत नाही. बघायला वेळच नसतो, समोरून येणारा कुठल्या हाताला जातोय एवढंच बघायचं. आणि वरती, डोक्यावर, वेणी पडत जाते. जाड, रंगीत, अगदी नीट. मग उलटं फिरायचं आणि तीच वेणी सुटत जाते, शेवटी सगळे दोर परत मोकळे.

एक पाय चुकला तर? तर वेणीला गाठ बसते आणि मग सोडवताना सगळ्यांसमोर कळतं कुणाचा चुकला ते. गोफवाल्यांना विचारा.

बाय माझ्या खांद्यावर होती. ती नाचणाऱ्यांकडे बघतच नव्हती, वर बघत होती. वेणी सुटायला लागली तशी तिने माझे केस घट्ट धरले. "सोडूं नाकात गे!" मी म्हटलं, अगं सोडायचाच असतो, नाहीतर पुढच्या चौकात काय करणार.

आमच्याकडे धालो, शिगमो जिथे होतो त्या जागेला मांड म्हणतात. मांडणे, मांडणी, मांड. माझ्या आईच्या गावी बायका पौषात त्या मांडावर समोरासमोर दोन ओळी धरून वाकत वाकत गाणी म्हणतात, आणि मी लहानपणी त्या ओळीत आईच्या कमरेला धरून उभी राहिलेय. फॉर्मेशनला "मांडणी" म्हणायचं हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. नाही सुचलं. म्हापशात राहून असं होतं.

एप्रिलमध्ये प्रयोग केला. साधा आहे, कुणीही घरी करावा. मिठागराचं जाडं मीठ कोमट पाण्यात विरघळेल तेवढं विरघळवलं, फडक्यातून गाळलं आणि दोन भाग केले. एक कढईत घालून गॅसवर आटवला, पाच-दहा मिनिटांत तळाला पांढरा चुरा. दुसरा स्टीलच्या ताटलीत घालून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवला, वर जाळीचं झाकण. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही, बायने दिवसातून वीसेक वेळा झाकण उघडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तळाला बारीक टिपके. पाचव्या दिवशी चौकोन. अगदी पट्टीने आखल्यासारखे, कोपरे धारदार, काही एकमेकांना चिकटलेले.

भिंगातून बघून बाय म्हणाली, "हे कोणी कापले?"

मग मी तिला ताटलीसमोर बसवून सांगितलं, जमेल तसं. मिठात दोन तऱ्हेची पोरं असतात. सोडियम आणि क्लोरीन ही त्यांची नावं. इतकी लहान की एका बारक्या दाण्यात अब्ज गुणिले अब्ज मावतात. पाण्यात असतात तेव्हा सगळी धावत असतात, मधल्या सुट्टीसारखी. पाणी कमी कमी व्हायला लागलं की धावायला जागा उरत नाही. मग सोडियम क्लोरीनच्या शेजारी, क्लोरीन सोडियमच्या शेजारी, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, प्रत्येकाला सहा शेजारी आणि सगळ्यांमध्ये सारखं अंतर. असे उभे राहत गेले की बाहेरून चौकोनी डबा दिसतो. चौकोन कर असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

"एक हात अंतर," बाय म्हणाली.

"एक हात अंतर."

"आणि कढईतलं?"

कढईतल्यांना उभं राहायला वेळच नाही मिळाला गं, म्हटलं. हे खरं तर बरोबर आहे पण पुरतं बरोबर नाही, चुऱ्यातला प्रत्येक कण पण आतून चौकोनीच मांडलेला असतो, फक्त लहान राहतो. पण साडेपाच वर्षांच्या मुलीला किती सांगायचं आणि कुठे थांबायचं हे काही मला नीट जमत नाही. तिने ते तसंच घेतलं आणि संध्याकाळी बहिणीला फोनवर सांगितलं की आमच्या टीचरनी मिठासारखं घाई न करता शिकवलं असतं तर आम्ही विंगेत गेलो नसतो. बहीण विचारते, तू तिला काय शिकवतेस?

मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात पुरुमेंताची खरेदी, मिरच्या, सोलं, खारे, आणि जाडं मीठ, पावसाळ्याची बेगमी. बाय प्रत्येक मीठवालीच्या राशीसमोर बसून दाणे बघत होती, आणि चौकोनी नसलेले दाणे तिने एकीला परत करून दाखवले. ती बाई चांगली होती म्हणून बरं.

ताटली मात्र कुणालाही हात लावू दिला नाही. गच्चीवरून आत आली, कपाटावर राहिली. जून लागला, पहिला मोठा पाऊस झाला, दोन दिवसांत भिंतींना पण घाम सुटला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बाय ताटली घेऊन स्वयंपाकघरात आली. चौकोनांचे कोपरे गेले होते. तळाला पाणी. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतात, हे मला माहीत होतं आणि तरी झाकणाचा घट्ट डबा द्यायचं मी विसरले होते, तेव्हा आता रडारड होणार म्हणून मी कुकर बाजूला ठेवून तयारीतच उभी राहिले.

ती रडली नाही. ताटली तिने थोडी तिरकी केली, पाणी एका बाजूला गेलं, त्यात बोट बुडवून चाखलं.

"गोफ सुटला," म्हणाली, आणि ताटली ओट्यावर ठेवून मला विचारलं की ऊन परत कधी येणार. म्हटलं, चवथ होऊन गेल्यावर. मग तिने ते पाणी एका जुन्या हॉर्लिक्सच्या बाटलीत ओतायला लावलं, झाकण घट्ट लावून घेतलं आणि बाटली सोलांच्या बरणीमागे ठेवली. अजून तिथेच आहे. परवा माझ्या आईने चुकून त्यातलं आमटीत घातलं, थोडंच.